मोबाइलवरचे रणांगण आणि आपली मुले

चिकलठाणा एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्रीचे अकरा-साडेअकरा वाजलेले असतात. जालना रोडवरून दुचाक्या वस्तीकडे वळतात. गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर चार मुले बसलेली असतात. चौघांच्या हातात आडवे धरलेले मोबाइल, कानात इअरफोन. एक ओरडतो, "नॉक झालो, रिव्हाइव्ह दे!" दुसरा म्हणतो, "थांब, आधी स्मोक टाकतो." दमून घरी आलेल्या बापाच्या कपाळावर आठी पडते. दहावी-बारावीची पोरे, उद्या शाळा-कॉलेज, फजरची नमाज तर रोजच चुकते. तो रागावला की मुलगा म्हणतो, "अब्बा, याची वर्ल्ड चॅम्पियनशिप असते. करोडोंचे बक्षीस असते."

बापाला ही थाप वाटते. पण मुलगा खोटे बोलत नाही. म्हणूनच या विषयावर रागाने नव्हे, तर नीट माहिती घेऊन बोलण्याची गरज आहे. ज्या गोष्टीची आपल्याला माहिती नाही तिच्याबद्दल आपण मुलांना कितीही सांगितले तरी ती ऐकून सोडून देतात.

हा खेळ असतो तरी काय?

आपल्याकडे ज्याला सगळे अजूनही 'पब्जी' म्हणतात, त्या खेळाचा जन्म २०१७ चा. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांनी एका दक्षिण कोरियन कंपनीसोबत तो संगणकासाठी तयार केला. एका बेटावर विमानातून अनेक खेळाडू उतरतात, पडक्या घरांतून शस्त्रे आणि औषधे गोळा करतात, आणि शेवटपर्यंत जो टिकतो तो जिंकतो. खेळायची जागा दर काही मिनिटांनी आक्रसत जाते, त्यामुळे कोपऱ्यात लपून राहता येत नाही. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध बेटाचे नाव 'एरांगेल'. ग्रीन यांनी ते आपल्या मुलीच्या नावावरून ठेवले आहे. २०१८ मध्ये मोबाइलवरची आवृत्ती आली. त्याआधी दीड-दोन वर्षांपूर्वीच आपल्याकडे स्वस्त इंटरनेट घराघरांत पोहोचले होते. संगणक नसलेल्या, पण मोबाइल असलेल्या लाखो घरांत हा खेळ शिरला, त्यात आपलीही घरे होती.

याची जागतिक स्पर्धा म्हणजे 'पब्जी मोबाइल ग्लोबल चॅम्पियनशिप'. डिसेंबर २०२४ मध्ये तिची अंतिम फेरी लंडनच्या एक्सेल सभागृहात झाली. एकूण बक्षीस तीस लाख डॉलर, म्हणजे साधारण पंचवीस कोटी रुपये. कोरियाचा 'डीप्लस किया' हा संघ विजेता ठरला. त्याच्या आदल्या वर्षी अंतिम फेरी इस्तंबूलमध्ये झाली होती आणि जिंकला होता मंगोलियाचा संघ. मंगोलियाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी आहे.

अंतिम फेरीत सोळा संघ असतात, प्रत्येक संघात चार खेळाडू. तीन दिवस, रोज सहा सामने, असे अठरा सामने होतात. सामना जिंकला की दहा गुण, दुसऱ्या क्रमांकाला सहा, मग पाच, चार असे उतरत जातात. शिवाय बाद केलेल्या प्रत्येक खेळाडूमागे एक गुण. एक सामना जिंकून कोणी विजेता होत नाही. अठरा सामन्यांत जो सातत्य राखतो तोच वर राहतो. संघात एक जण निर्णय घेणारा असतो. कुठे उतरायचे, केव्हा सरकायचे, कधी भिडायचे आणि कधी गप्प बसायचे हे तो ठरवतो, आणि बाकीचे तिघे त्याचे ऐकतात. प्रवासाला निघालेल्या तिघांनी आपल्यातला एक अमीर निवडावा ही शिकवण आपल्याला आहे. शिस्तीचे हे तत्त्व या मुलांना खेळातून कळते. घरात, अभ्यासात आणि नमाजच्या वेळेत तीच शिस्त का दिसत नाही, हा प्रश्न मात्र त्यांना विचारायला हवा.

नवी मुंबईहून बर्लिनपर्यंत

या खेळातल्या भारताच्या कहाणीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मार्च २०१९ मध्ये हैदराबादला 'पब्जी मोबाइल इंडिया सीरिज' झाली. एक कोटी रुपयांची ती स्पर्धा 'सोल' नावाच्या संघाने जिंकली. संघाचा कर्णधार होता नवी मुंबईचा नमन माथुर, खेळातले नाव 'मॉर्टल'. सोबत यश सोनी, हरप्रीत सिंग आणि मोहंमद ओवैस लाखाणी. चौघांची नावे वाचली की आपल्या एखाद्या गल्लीतली दोस्तमंडळी डोळ्यांसमोर येते. त्याच वर्षी जुलैमध्ये हा संघ जागतिक फेरीसाठी बर्लिनला गेला. तिथे त्यांना पहिल्या दहात येता आले नाही. देशातल्या अव्वल संघाला जगाची पातळी किती उंच आहे ते त्या दिवशी कळले.

पुढच्या वर्षी भारतीय मुलांनी ती उंची जवळपास गाठली. कोरोनाच्या काळात ऑनलाइन झालेल्या 'वर्ल्ड लीग'च्या पूर्व विभागात ऑगस्ट २०२० मध्ये 'ऑरेंज रॉक' हा भारतीय संघ दुसरा आला. पहिला होता इंडोनेशियाचा 'बिगेट्रॉन'. आता पुढची पायरी जगज्जेतेपदाची, असे सगळ्यांना वाटत असतानाच २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने चीनशी संबंधित ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पब्जी मोबाइल होते. वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेले कौशल्य एका संध्याकाळीत निरुपयोगी झाले.

जुलै २०२१ मध्ये कोरियन कंपनी क्राफ्टॉनने हाच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे 'बीजीएमआय' या नावाने भारतासाठी आणला. जानेवारी २०२२ मध्ये 'गॉडलाइक' हा भारतीय संघ जागतिक अंतिम फेरीत खेळला. जून २०२२ मध्ये दोन कोटी रुपयांची देशी स्पर्धा नव्या 'सोल' संघाने जिंकली. या संघात 'हेक्टर' नावाने खेळणारा सोहेल शेख होता. या विजयामुळे संघाला रियाधच्या जागतिक स्पर्धेचे तिकीट मिळाले. पण २८ जुलै २०२२ रोजी सरकारच्या आदेशाने बीजीएमआयही अ‍ॅप स्टोअरवरून उतरवले गेले. दोन आठवड्यांनी मुले रियाधला पोहोचली तेव्हा त्यांचा खेळ त्यांच्याच देशात बंद होता. तिथे त्यांना चमक दाखवता आली नाही.

मे २०२३ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला, तोही अटींसह. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा तास, आणि रोजच्या खर्चावर मर्यादा. या खेळावर आयुष्य उभे करू पाहणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी हा इतिहास लक्षात ठेवला पाहिजे. क्रिकेटचे मैदान कोणाच्या मालकीचे नसते. कंपनी बुडाली म्हणून क्रिकेट बंद पडत नाही. इथे मात्र मैदान, चेंडू, बॅट आणि नियमही एका कंपनीचे. ती कंपनी किंवा सरकार कधीही दार बंद करू शकते.

मुंबईचा संघ सेऊलमध्ये

मोबाइलखेरीज संगणकावर खेळला जाणारा 'व्हॅलोरंट' हा आणखी एक सांघिक नेमबाजीचा खेळ आहे. त्यात पाच विरुद्ध पाच असतात. एक संघ स्फोटक पेरण्याचा प्रयत्न करतो, दुसरा अडवतो, आणि जो आधी तेरा फेऱ्या जिंकतो तो सामना जिंकतो. त्याची जागतिक स्पर्धा दरवर्षी होते. २०२१ मध्ये बर्लिन, मग इस्तंबूल, लॉस एंजेलिस, सेऊल आणि २०२५ मध्ये पॅरिस. पॅरिसच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या 'एनआरजी'ने 'फनॅटिक'ला ३-२ असे हरवले.

मुंबईची 'ग्लोबल ईस्पोर्ट्स' ही संस्था २०२३ पासून सेऊलमध्ये होणाऱ्या आशिया-पॅसिफिक लीगमध्ये भागीदार आहे. तिच्या संस्थापकांपैकी रुशिंद्र सिन्हा हे शिक्षणाने डॉक्टर. कोरिया, जपान, सिंगापूर, इंडोनेशियाच्या संघांशी ही मंडळी खेळतात. संघात परदेशी खेळाडूही घ्यावे लागतात. तरीही २०२५ पर्यंत या संघाला जागतिक अंतिम स्पर्धेची पात्रता मिळवता आलेली नाही. पैसा, प्रशिक्षक, राहण्याची सोय, वेगवान संगणक, सगळे असूनही. चिकलठाण्याच्या ओट्यावरून तिथे पोहोचण्याचे अंतर किती आहे याचा अंदाज यावरून यावा.

शांघायमधली एक लाज

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला 'काउंटर स्ट्राइक' या खेळाची आशियाई स्पर्धा होती. भारताकडून 'ऑप्टिक इंडिया' हा संघ उतरला होता. सामना चालू असताना पंचांना एका भारतीय खेळाडूच्या संगणकाबद्दल संशय आला. तपासले तर निशाणा आपोआप साधून देणारे लबाडीचे सॉफ्टवेअर सापडले. कोणाला कळू नये म्हणून त्या फाइलला 'वर्ड' असे साधे नाव दिले होते. पंच तपासत असताना त्याने ती पुसून टाकण्याचाही प्रयत्न केला. संघ बाद झाला, त्याच दिवशी विसर्जित झाला, आणि त्या मुलावर पाच वर्षांची बंदी आली. बाकीच्या चौघांनी काही केले नव्हते. त्यांची नोकरी मात्र गेली.

ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी, कारण गल्लीतही 'हॅक' वापरणारी मुले असतात आणि तिकडे कौतुकाने पाहणारीही असतात. वजनात खोट, मापात कमी, मालात भेसळ यांचा आपल्या दीनमध्ये किती कडक निषेध आहे ते आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. पडद्यावरच्या खेळातली लबाडी त्याहून वेगळी नाही, हेही त्यांना कळले पाहिजे. दुकानदाराच्या तराजूवर बोट आणि निशाण्यामागचे सॉफ्टवेअर, दोन्ही एकच.

बक्षीस कुठे संपते, जुगार कुठे सुरू होतो?

आपल्या वाचकांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सूरह माइदामध्ये दारू आणि जुगार यांचा एकत्र उल्लेख करून दोन्ही निषिद्ध ठरवले आहेत. त्यामागचे कारणही तिथे येते. या गोष्टींमुळे माणसामाणसांत वैर पडते आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दूर जातो. दुसरीकडे, हदीस संग्रहांत घोडा, उंट आणि तिरंदाजीच्या स्पर्धांतील बक्षिसाला परवानगी असल्याचा उल्लेख आहे. उलमांनी यावरून एक कसोटी सांगितली आहे. बक्षीस बाहेरच्या कोणी दिले आणि हरणाऱ्याच्या खिशातून काही गेले नाही, तर ते बक्षीस. सगळ्यांनी पैसे एकत्र टाकले आणि जिंकणाऱ्याने ते उचलले, तर तो जुगार. इथेही कोणत्या खेळाला ही सवलत लागू होते यावर मतभेद आहेत. आपल्या घरात असा प्रश्न आला तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना जरूर विचारावे.

मोठ्या अधिकृत स्पर्धांत बक्षीस कंपनी देते. गल्लीतला प्रकार वेगळा असतो. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी 'कस्टम रूम' लावतो. समजा, प्रत्येक संघाकडून शंभर रुपये एन्ट्री घेतली आणि वीस संघ आले. दोन हजार जमले. जिंकणाऱ्याला बाराशे, दुसऱ्याला तीनशे, आणि उरलेले पाचशे रूम लावणाऱ्याच्या खिशात. मुलांना यात काही चुकीचे वाटत नाही, 'टूर्नामेंट' म्हणतात. पण अठरा संघांचे पैसे दोन संघांना आणि एका दलालाला गेले. हे काय आहे ते सांगायला मोठ्या विद्वानाची गरज नाही.

दुसरा प्रकार याहून छुपा आहे. खेळात 'यूसी' नावाचे चलन पैसे देऊन विकत घेतात आणि त्यातून 'क्रेट' उघडतात. पेटीत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. दहा वेळा मामुली कपडे, एखाद्या वेळी चमकती बंदूक. ती निघावी म्हणून मूल पुन्हा पैसे टाकते. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्येच अशा पेट्या देशाच्या जुगारविरोधी कायद्याविरुद्ध असल्याचे ठरवले. अम्मीच्या मोबाइलवरून, अम्मीच्या खात्यातून या पेट्या उघडल्या जातात आणि बँकेचा मेसेज आल्यावर घरात भूकंप होतो, हे अनेक घरांनी पाहिले आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही आता हीच रेषा आखली आहे. ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ई-क्रीडेला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. त्यात निकाल कौशल्यावर ठरावा, कामगिरीनुसार बक्षीस असावे, आणि पैज किंवा डाव लावलेला नसावा. सरकारने त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच ई-क्रीडा हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला होता. म्हणजे कसोटी तीच आहे. पैज आली की खेळ संपला.

मुस्लिम देशांनी काय केले?

या खेळाबद्दल मुस्लिम जगात एकमत नाही. इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या उलमा परिषदेने २०१९ मध्ये तो हराम असल्याचा फतवा दिला. त्याच वर्षी इराकच्या संसदेने बंदीच्या बाजूने ठराव केला आणि जॉर्डननेही बंदी घातली. पाकिस्तानने जुलै २०२० मध्ये बंदी आणली आणि महिनाभरात ती उठली. २०२० मध्येच खेळात एका नव्या जंगलाची भर पडली. त्यात मूर्तीसमोर वाकले की फायदा मिळे. कुवेत, सौदी अरेबियासह अनेक ठिकाणच्या मुस्लिमांनी आवाज उठवल्यावर कंपनीने माफी मागून तो भाग काढून टाकला. आक्षेप नेमका आणि सभ्य शब्दांत मांडला तर कंपन्यांनाही ऐकावे लागते, हे या प्रकरणातून दिसले.

दुसरीकडे, रियाधमध्येच २०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यात 'ईस्पोर्ट्स वर्ल्ड कप' भरला. २०२५ च्या स्पर्धेची एकूण बक्षिसे सात कोटी डॉलरहून अधिक होती. पब्जी मोबाइलची जागतिक स्पर्धाही त्यात होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२४ मध्ये सौदीबरोबर ई-क्रीडा ऑलिंपिकचा करार केला होता. तो २०२५ मध्ये दोघांनी संपवला. सौदीत होते म्हणून योग्य, असा याचा अर्थ मुलांनी काढू नये. आणि कुठे बंदी आली म्हणून सगळे वाईट, असा पालकांनीही काढू नये.

हिंसेचा प्रश्नही विचार करण्यासारखा आहे. हांगझाऊच्या आशियाई खेळांत, जे २०२३ मध्ये झाले, ई-क्रीडेत पदके होती. तिथे पब्जीची खास आवृत्ती होती. खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नव्हते, शर्यत करत ठेवलेल्या लक्ष्यांवर नेम धरत होते. सुवर्ण चीनला, रौप्य कोरियाला मिळाले. रक्त न सांडताही हा खेळ होऊ शकतो, हे यातून सिद्ध झाले. मग रोजच्या खेळातही ते का होऊ नये, हा प्रश्न पालकांनी विचारत राहावा.

आपल्या परंपरेत खेळाला वैर नाही. प्रेषित मुहंमद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे. ईदच्या दिवशी मशिदीत भाल्यांचे खेळ दाखवणारे हबशी लोकही आपल्याला ठाऊक आहेत. बुद्धिबळावर तर शतकानुशतके चर्चा झाली. अब्बासी दरबारातले अस-सूली हे त्या काळचे नामांकित बुद्धिबळपटू होते. अनेक फकीहांनी बुद्धिबळाला विरोध केला, काहींनी ते केवळ नापसंत मानले. पण पैज लागली किंवा नमाज चुकली तर ते वर्ज्य, याबाबत फारसा वाद राहिला नाही. खेळ बदलला आहे. या दोन अटी मात्र तेव्हा होत्या तशाच आजही आहेत.

किती जण पोहोचतात?

आता बारावी सोडून पूर्णवेळ खेळू म्हणणाऱ्या मुलाचा प्रश्न. देशातल्या मोठ्या खुल्या स्पर्धेत हजारो संघ नोंदणी करतात. अंतिम फेरीत पोहोचतात सोळा. प्रत्येकी चार-पाच जण धरले तर सत्तर-ऐंशी मुले. त्यातल्या वरच्या एक-दोन संघांना परदेशात जायला मिळते. क्रिकेटचा रणजी संघ तरी प्रत्येक राज्याचा असतो, इथे साऱ्या देशाचे सोळा. शिवाय कारकीर्द छोटी. पंचविशीच्या पुढे बोटांचा वेग आणि नजर मंदावते. ज्यांची नावे मुले घेतात त्यांच्यापैकी अनेकांची मुख्य कमाई बक्षिसातून नव्हे, तर यूट्यूबवर थेट खेळ दाखवण्यातून येते. ती कमाई हजारातल्या एखाद्यालाच मिळते आणि त्यासाठी बोलण्याचे, लोकांना धरून ठेवण्याचे वेगळे कौशल्य लागते.

मात्र या क्षेत्रात खेळाडूखेरीजही माणसे लागतात. समालोचक, पंच, प्रसारणाचे तंत्रज्ञ, भाषांतरकार, खेळ बनवणारे प्रोग्रॅमर, चित्रकार. चिकलठाणा एमआयडीसीतच सॉफ्टवेअर पार्क आहे. मुंबईत २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था सुरू झाली आहे. "खेळण्यापेक्षा खेळ बनवायला शीक" असे म्हटले तर मुलगा निदान कान देतो, कारण त्याच्या आवडीला आपण नाव ठेवलेले नसते. त्यासाठी गणित लागते, इंग्रजी लागते, आणि बारावी तर लागतेच.

आवड कधी आजार होते?

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ पुढे येतो, आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. हे साधारण वर्षभर चालले आणि त्याने शिक्षण, काम, नाती बिघडली तर तो आजार. दोन तास खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हेही यावरून कळते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा रुग्णांसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. २०१९ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात या खेळावर बंदीची याचिका केली होती. मुलांनाही धोका कळतो.

वरची लक्षणे दिसली तर मार देणे, मोबाइल फोडणे, चारचौघांत लाज काढणे यांनी काही साधत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. मधुमेहासाठी डॉक्टरकडे जातो, तसेच हे.

घरात काय करता येईल?

पहिली गोष्ट, एकदा मुलाशेजारी बसून पूर्ण सामना पाहावा. पंचवीस-तीस मिनिटे लागतात. मध्येच उठायला सांगितले की मुलगा का चिडतो ते कळते. त्याच्या तीन साथीदारांना तो वाऱ्यावर सोडू शकत नाही. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" ऐवजी "हा सामना संपला की बंद" असे ठरवावे, आणि अजान व्हायच्या अर्धा तास आधी नवा सामना सुरू करायचा नाही हा नियम घालावा. नमाजची वेळ घड्याळासारखी ठरलेली असते. मुलाच्या दिवसाची आखणी तिच्याभोवती सोपी जाते.

दुसरे, ईशानंतर मोबाइल मोठ्यांच्या खोलीत. रमजानमध्ये तरावीहनंतर सहरीपर्यंत खेळत बसण्याची चाल वाढली आहे. तिथे विशेष लक्ष द्यावे. सबंध रात्र गोळीबारात घालवून दिवसभर झोपलेला रोजा काय रोजा?

तिसरे, पैसे. मुलाच्या मोबाइलवर यूपीआय नको, आणि अम्मीचा पिन त्याला माहीत नको. एन्ट्री फीचा कोणताही सामना नाही. हा नियम समजावून सांगावा, कारण तो फक्त पैशाचा नाही, हलाल-हरामचा आहे.

चौथे, आवाज. खेळताना अनोळखी माणसांशी बोलणे चालते. त्यात शिव्या असतात, धर्मावरून टोमणे असतात, क्वचित मुलांना फसवणारेही असतात. ओळखीच्या चौघांतच खेळायचे आणि कोणी काही विचित्र बोलले तर न लपवता सांगायचे, एवढा विश्वास घरात हवा. मुलीही हा खेळ खेळतात. त्यांना गप्प बसवण्यापेक्षा त्यांच्याशी बोललेले बरे.

पाचवे, ज्याला खरोखर व्यावसायिक व्हायचे आहे त्याच्याशी करार करावा. बारावी होईपर्यंत अभ्यास आधी. गुण घसरले तर खेळ बंद. अधिकृत, विनामूल्य नोंदणीच्या स्पर्धेत संघासह उतरून कुठपर्यंत मजल जाते ते एक वर्ष पाहावे. अल्पवयीन खेळाडूला अशा स्पर्धांत पालकांचे संमतीपत्र लागते. ती सही करताना नियम वाचावेत. वर्षाने आकडे समोर ठेवून बाप आणि मुलाने एकत्र बसून निर्णय घ्यावा. पहिल्या पात्रता फेरीतच संघ गारद होत असेल तर मुलाला ते आपल्याआधी कळलेले असते. फक्त ते म्हणायला त्याला संधी हवी असते.

शेवटी एक गोष्ट बापांसाठी. आपली मुले ओट्यावर का बसतात? कारण घर लहान आहे, वस्तीत मैदान नाही, ग्रंथालय नाही, संध्याकाळी जायला जागा नाही. मशीद कमिटी, मोहल्ला कमिटी आणि नगरसेवकाकडे एका मैदानाची मागणी करणे हाही या प्रश्नाचा भाग आहे. मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेताना त्याच्या हातात दुसरे काय देणार, याचे उत्तर आधी आपल्याकडे असायला हवे. अल्लाह आपल्या मुलांची वेळ, नजर आणि कमाई तिन्ही पाक ठेवो.